कमरेचं उघडं पिस्तूल : रेंजवर आणि रस्त्यावर

आपल्या राज्यात पिस्तूल कमरेला उघडं लावून फिरता येतं का, हा प्रश्न अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींमध्ये आता अधूनमधून निघतो. बहुतेक राज्यांत कुठल्या ना कुठल्या अटीवर ते करता येतं, असं कळलं की चर्चा तिथेच थांबते. खरं तर तिथून ती सुरू व्हायला हवी. कायदा आपल्याला एवढंच सांगतो की अमुक गोष्ट केली तर पोलीस पकडतील की नाही. ती गोष्ट केल्याने आपण जास्त सुरक्षित होऊ का, आपला व्हिसा किंवा ग्रीन कार्ड धोक्यात येईल का, दुकानातला शेजारचा माणूस आपल्याकडे बघून काय समजेल, यांतलं काहीच कायदा सांगत नाही. 'ओपन कॅरी'बद्दल या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं आहे. उघडं पिस्तूल सुरक्षित असतं ते सभोवतालच्या शिस्तीमुळे, म्हणजे जिथे सगळ्यांना एकच नियम पाठ आहेत आणि कोणा एकाचा हुकूम चालतो अशा जागी. नेमबाजीची रेंज ही तशी जागा आहे, बाजारपेठेतला रस्ता नाही. म्हणून ज्यांना कायद्याने मुभा आहे त्यांनी रेंजवर जरूर जावं, शिकावं, तिथे होल्स्टर लावावं. रस्त्यावर मात्र उघडं पिस्तूल लावू नये, आणि बाळगायचंच असं ठरलं असेल तर परवाना काढून, झाकून बाळगावं.

आधी एक गोष्ट तपासून घ्यायची, आणि ती पिस्तुलाच्या किमतीपेक्षा किंवा मॉडेलपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे: आपण या देशात कोणत्या दर्जाने राहतो आहोत. एच-वन-बी, एल-वन, विद्यार्थ्यांचा एफ-वन, आईवडिलांचा बी-टू हे सगळे 'नॉनइमिग्रंट' व्हिसे. अशा व्हिशावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. मोजके अपवाद आहेत, त्यांतला नेहमी लागणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. इथे 'बाळगणं' याचा अर्थ विकत घेणं एवढाच नाही. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात धरलं तरी तो ताबाच. ही शंका केवळ कागदावरची नाही. फ्लोरिडात शिकायला आलेल्या हमीद रिहाइफ या परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठाने काढून टाकलं आणि त्याबरोबर त्याचा विद्यार्थी दर्जाही संपला. त्यानंतर तो एका रेंजवर गेला आणि दोन बंदुका चालवल्या, एवढ्यावर त्याच्यावर खटला उभा राहिला आणि शिक्षा झाली. जून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, पण कारण असं दिलं की आरोपीला स्वतःचा दर्जा गेल्याची जाणीव होती हेही सरकारने सिद्ध केलं पाहिजे. रेंजवर बंदूक चालवणं म्हणजे ताबा नव्हे, असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. २०२२ पासून या कलमाखालची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. ग्रीन कार्डधारकाला केंद्रीय कायद्याने ही आडकाठी नाही, पण त्यालाही विसरून चालणार नाही अशी एक गोष्ट आहे: बंदूक बेकायदा बाळगल्याच्या कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरलं तर त्याला देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. जन्माने नागरिक असलेल्या शेजाऱ्याला जी चूक दंड भरून मिटवता येते, ती आपल्याला वीस वर्षांच्या संसारासकट विमानात बसवू शकते. तेव्हा लास व्हेगासला आलेल्या आईवडिलांना 'एकदा गोळी झाडून बघा' म्हणून हौसेने रेंजवर नेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. काउंटरवरच्या माणसाने हरकत घेतली नाही म्हणजे कायद्याची हरकत नाही, असा अर्थ होत नाही.

दर्जाचा प्रश्न सुटला की राज्याचा कायदा पाहायचा, आणि इथे एका राज्यातलं ज्ञान दुसऱ्या राज्यात चालत नाही. टेक्सासात १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकाला पिस्तूल उघडं बाळगण्याची मुभा मिळाली आणि १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, अन्यथा पात्र माणसाला परवान्याचीही गरज उरली नाही. पिस्तूल होल्स्टरमध्ये असलं पाहिजे एवढी अट राहिली. फ्लोरिडात १९८७ पासून उघडं बाळगण्यावर बंदी होती, मासेमारीला, शिकारीला किंवा नेमबाजीला जाता-येता सूट होती. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. न्यू जर्सीत बाळगण्याचा परवाना मिळाला तरी पिस्तूल झाकलेलंच हवं. इलिनॉयमध्येही उघडं बाळगता येत नाही. म्हणजे टेक्सासच्या डॅलसहून न्यू जर्सीच्या एडिसनला बदली झाली की कालची सवय आज गुन्हा ठरते. टेक्सासातच दुकानांच्या दारांवर ३०.०६ आणि ३०.०७ अशा क्रमांकांच्या पाट्या दिसतील. पहिली परवानाधारकाला झाकलेलं पिस्तूल आत आणायला मनाई करते, दुसरी उघडं. इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, इंचभर उंचीच्या अक्षरांत ती लिहिलेली असते, आणि ती ओलांडून आत जाणं म्हणजे अतिक्रमण.

या सगळ्यांत मराठी घरांना सर्वांत जवळचा मुद्दा मात्र शाळेचा आहे. केंद्रीय कायद्याने शाळेच्या आवारात आणि आवारापासून १,००० फुटांच्या आत बंदूक नेण्यावर निर्बंध आहे. ती शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्याचा परवाना असेल तर यातून सूट मिळते. विनापरवाना बाळगणाऱ्याला मिळत नाही, मग राज्य कितीही उदार असो. उपनगरात शाळेपासून हजार फूट दूर राहून गाडी चालवायची म्हटली तर घरातून निघणंच मुश्कील. त्याशिवाय शाळेच्या इमारतीत पिस्तूल न्यायला राज्यांचे आपापले कायदेही बहुतेक ठिकाणी बंदी घालतात. आता आपलं सामाजिक आयुष्य कुठे चालतं ते आठवा. रविवारची मराठी शाळा, दिवाळीचं नाटक, गणपतीची आरती आणि नंतरची पंगत हे सगळं अनेक गावांत भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात होतं. सुट्टीचा दिवस आहे, मुलं शाळेची नाहीत, म्हणून ती जागा शाळा असायची राहत नाही. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी कार्यक्रमाच्या निमंत्रणात याबद्दल एक ओळ टाकली तर फार बरं होईल. ढोलताशाच्या सूचना जिथे बसतात तिथे ही ओळही बसेल.

आता रेंजकडे वळू, कारण उघड्या पिस्तुलाला वावगं न मानणारी हीच जागा आहे, आणि तिथे ते का चालतं हे नीट पाहिलं की रस्त्यावर का चालत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. अमेरिकेत 'यूएसपीएसए' या संघटनेच्या व्यावहारिक नेमबाजीच्या स्पर्धा गावोगावी होतात. अशा स्पर्धेच्या मैदानावर शनिवारी सकाळी गेलात तर पन्नास-साठ माणसं कमरेला उघडं पिस्तूल लावून चहा-कॉफी पीत हिंडताना दिसतील. नवख्याला धडकी भरते. पण त्यांतलं प्रत्येक पिस्तूल रिकामं असतं. मैदान 'कोल्ड रेंज' असतं, म्हणजे आपली पाळी येऊन अधिकाऱ्याने हुकूम दिल्याशिवाय मॅगझिन आत जात नाही. पाळी आली की रेंज ऑफिसर 'मेक रेडी' म्हणतो, तेव्हाच पिस्तूल बाहेर काढून भरायचं. फेरी संपली की तो सांगतो, संपलं असेल तर रिकामं कर आणि दाखव; नेमबाज मॅगझिन काढतो, चेंबर उघडून धरतो, अधिकारी स्वतः आत डोकावतो, मग चाप ओढून हॅमर खाली आणायचा, पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवायचं, आणि त्यानंतरच 'रेंज इज क्लिअर' असा पुकारा होऊन बाकीचे पुढे जातात. होल्स्टर नीट बसवायचं असेल, नेम धरून पाहायचा असेल, तर त्यासाठी खुणा केलेली 'सेफ्टी एरिया' नावाची वेगळी जागा असते, आणि तिथे काडतुसाला हात लावायचा नाही. जिथे काडतूस तिथे हुकमाशिवाय पिस्तूल नाही, जिथे हुकमाशिवाय पिस्तूल तिथे काडतूस नाही, अशी ही साधी विभागणी आहे. फेरी चालू असताना पिस्तूल हातातून पडलं तर नेमबाजाने ते उचलायचंसुद्धा नाही, कारण पडतं पिस्तूल झेलायला गेलेली बोटं चापावर जातात. ते अधिकारी उचलतो, तपासतो, आणि नेमबाज त्या दिवसापुरता बाद होतो. नळी ठरलेल्या १८० अंशांच्या रेषेमागे वळली तरी बाद. तिथे वाद घालायची पद्धत नाही, आणि अनुभवी नेमबाज घालतही नाहीत.

आपल्याकडच्या ज्या नेमबाजीचा मराठी वाचकाला अभिमान आहे, म्हणजे कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात मिळवलेलं सुवर्ण किंवा स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकमधलं कांस्य, तिच्यातही हेच तत्त्व आहे: चेंबर रिकामं आहे हे दुरून दिसावं म्हणून त्यात रंगीत 'सेफ्टी फ्लॅग' घालायचा. पद्धत वेगळी, मूळ कल्पना एकच. माझं पिस्तूल निर्धोक आहे हे मी सांगून भागत नाही, ते दुसऱ्याला डोळ्यांनी पाहता आलं पाहिजे.

पहिल्यांदा रेंजवर जाणाऱ्याने म्हणूनच नेमापेक्षा या शिस्तीकडे लक्ष द्यावं. जाण्याआधी फोन करून विचारा की होल्स्टरमधून पिस्तूल काढायला परवानगी आहे का; अनेक बंदिस्त रेंजवर ती नसते, पिस्तूल पेटीतून आणायचं, टेबलावर नळी लक्ष्याकडे करून ठेवायचं, आणि तिथेच उघडायचं. भरलेलं पिस्तूल लावून आलेल्यांसाठी प्रत्येक रेंजचा वेगळा नियम असतो, तो काउंटरवर उभं राहूनच विचारा. उत्साहाने पिस्तूल बाहेर काढून 'हे बघा, हे चालेल का?' असं विचारण्याइतका वाईट मार्ग दुसरा नाही. जेफ कूपर यांच्या नावाने ओळखले जाणारे चार नियम पाठच असावेत: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा, जे नष्ट करायचं नाही त्यावर नळी रोखू नका, नेम लक्ष्यावर बसेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा, आणि लक्ष्य काय आहे व त्याच्या मागे काय आहे हे ओळखा. 'सीझ फायर' हा पुकारा तिथला कोणीही करू शकतो, आणि तो ऐकला की तोंडातलं वाक्यही अर्धवट सोडून थांबायचं. कानांना बंदिस्त रेंजवर दुहेरी संरक्षण घ्या, आत बोळे आणि वर इअरमफ. शिशाची धूळ हातांवर आणि कपड्यांवर बसते, म्हणून हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका आणि ते कपडे घालून तान्ह्या बाळाला उचलू नका. गरोदर बाईने रेंज टाळावी हे बरं.

रेंजवर काही वाईट घडतच नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. ऑगस्ट २०१४ मध्ये ॲरिझोनातल्या पर्यटकांच्या एका रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात आपोआप गोळ्या सुटणारी उझी दिली गेली, धक्क्याने ती वर उसळली आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षक ठार झाला. तिथे नियम मोडला तो मोठ्यांनीच: शस्त्र हाताळणाऱ्याच्या ताकदीपलीकडचं होतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये क्रिस काइल हा नावाजलेला लष्करी नेमबाज आणि त्याचा मित्र टेक्सासच्या एका रेंजवर मारले गेले, ते त्यांनी सोबत नेलेल्या माणसाकडूनच. सर्वांत कुशल नेमबाजाच्या हाताशी शस्त्र असतानाही हे झालं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. एकट्याने, पहिल्यांदाच आलेल्याला पिस्तूल भाड्याने न देण्याचा नियम अनेक रेंज पाळतात, तो आत्महत्यांच्या अनुभवातून आलेला आहे. त्याचा राग मानू नये.

आता हेच पिस्तूल रस्त्यावर आणा. ते भरलेलं असतं. हुकूम देणारा कोणी नाही, चेंबर पाहणारा कोणी नाही, आणि ज्यांच्या नजरेला ते पडतं त्यांना आपल्या मनात काय आहे हे कळायला काहीही मार्ग नाही. ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये एका बाईने ९११ ला फोन करून सांगितलं की शेजारी एक माणूस रायफल घेऊन हिंडतो आहे. तिला उत्तर मिळालं की या राज्यात उघड्यावर शस्त्र बाळगण्याला परवानगी आहे. थोड्याच वेळात त्या माणसाने तीन जणांचा जीव घेतला. फोन घेणाऱ्याने कायदा चुकीचा सांगितला नव्हता. हिंडणारा सज्जन आणि हिंडणारा मारेकरी पहिली गोळी सुटेपर्यंत सारखेच दिसतात, अडचण ती आहे. याची दुसरी बाजू ८ ऑगस्ट २०१९ ला मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डला दिसली. एल पासोच्या वॉलमार्टमधल्या हत्याकांडाला आठवडाही झाला नव्हता, आणि एक वीस वर्षांचा तरुण चिलखती जाकीट घालून, रायफल घेऊन तिथल्या वॉलमार्टमध्ये शिरला. आपला हक्क पाळला जातो का ते पाहायचं होतं, असं त्याचं म्हणणं. लोक पळाले, एका ड्यूटीवर नसलेल्या अग्निशामक जवानाने पिस्तुलाच्या धाकाने त्याला अडवलं, आणि मिसुरीत उघडं शस्त्र बाळगायला मुभा असूनही त्याच्यावर दहशतीची धमकी दिल्याचा आरोप ठेवला गेला. पुढच्या महिन्यात वॉलमार्टने उघडं शस्त्र दुकानात आणू नये अशी विनंती ग्राहकांना केली. ७ जुलै २०१६ ला डॅलसमध्ये मोर्चावर बंदोबस्ताला असलेल्या पाच पोलिसांना एका माणसाने गोळ्या घालून मारलं, तेव्हा मोर्चात वीसेक जण उघड्या रायफली घेऊन चालत होते. गोळीबार सुरू होताच ते पळाले, त्यांतल्या एका निरपराध माणसाचा फोटो संशयित म्हणून पोलिसांनीच प्रसिद्ध केला. ही तिन्ही उदाहरणं रायफलींची आहेत हे खरं, पिस्तूल तेवढं नजरेत भरत नाही. पण गोंधळाचं कारण शस्त्राच्या लांबीत नाही. बघणाऱ्यापाशी त्या माणसाची काहीच माहिती नसते, यात आहे.

ही माहिती नसते तेव्हा बघणारा ती जागा आपल्या कल्पनेने भरतो, आणि त्यात आपल्या कातडीचा रंग येतो. ६ फेब्रुवारी २०१५ ला अलाबामातल्या मॅडिसन गावात गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले सुरेशभाई पटेल मुलाच्या घराजवळच्या फुटपाथवर फिरत होते. संशयास्पद माणूस हिंडतोय, असा फोन एका शेजाऱ्याने केला. आलेल्या पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मानेला इजा झाली, शरीराचा काही भाग लुळा पडला. ५७ वर्षांचा हा माणूस निःशस्त्र होता, इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. त्यांच्या कमरेला कायदेशीर पिस्तूल असतं तर ती सकाळ कशी गेली असती, याचा विचार ज्याने त्याने करावा. याला इतिहासही आहे. कॅलिफोर्नियात भरलेलं शस्त्र रस्त्यावर बाळगण्यावर बंदी आली ती १९६७ मध्ये, मलफर्ड कायद्याने. ऑकलंडमधले ब्लॅक पँथर संघटनेचे कृष्णवर्णीय तरुण उघड्या बंदुका घेऊन पोलिसांच्या गस्तीवर पाळत ठेवू लागले होते, तेव्हा हे विधेयक आलं आणि गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. तोवर तीच गोष्ट कोणाला फारशी खुपत नव्हती. कायदा सर्वांना एकच असतो, नजर एकच नसते, आणि उघडं पिस्तूल हा नजरेशीच मांडलेला व्यवहार आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: अहो, आपल्यावर हल्ले होतात म्हणूनच तर पिस्तूल दिसायला हवं. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससच्या ओलेथमध्ये श्रीनिवास कुचिभोटला या अभियंत्याला एका बारमध्ये केवळ परका म्हणून गोळी घातली गेली, ती भीती अनेक घरांत अजून आहे आणि ती खोटी नाही. शिवाय आधाराला संशोधनही आहे. १९८० च्या दशकात जेम्स राइट आणि पीटर रॉसी या समाजशास्त्रज्ञांनी दहा राज्यांतल्या १,८०० हून अधिक कैद्यांना विचारलं, तेव्हा सुमारे ४० टक्के कैद्यांनी कबूल केलं की समोरच्याकडे शस्त्र आहे हे माहीत असल्याने किंवा तसं वाटल्याने आपण कधी ना कधी गुन्हा करायचं टाळलं होतं. हा पुरावा मी हलक्यात घेत नाही. पण त्यातला 'वाटल्याने' हा भाग नीट पाहावा. कोणाकडे असेल, कोणाकडे नसेल, हे न कळणं हाच चोराचा धाक असतो. उघडं पिस्तूल ती शंका संपवतं: याच्याकडे आहे, बाकीच्यांकडे नाही. मग ठरवून आलेल्या माणसाला आधी कोणाला गाठायचं ते कळतं. आणि काहींना तर पिस्तूलच हवं असतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये ऑरेगनच्या ग्रेशममध्ये एक २१ वर्षांचा तरुण त्याच दिवशी घेतलेलं पिस्तूल उघडं लावून रस्त्यावर उभा होता. एकाने स्वतःचं पिस्तूल काढून त्याचं मागितलं आणि घेऊन गेला. पोलिसांच्या कमरेचं शस्त्र उघडं असतं, मग त्यांचं काय, असं कोणी विचारेल. त्यांच्या होल्स्टरला दोन-तीन टप्प्यांच्या कळा असतात, शस्त्र हिसकावू न देण्याचं त्यांना प्रशिक्षण मिळतं, जोडीदार असतो, रेडिओ असतो. आणि तरीही स्वतःच्याच पिस्तुलाने मारले गेलेले पोलीस एफबीआयच्या नोंदींत आहेत. ओलेथमध्ये हल्लेखोर आधी बाहेर काढला गेला होता, तो बंदूक घेऊन परत आला आणि गोळ्या झाडू लागला. अशा हल्ल्यात कमरेला काय दिसत होतं, याचा काय उपयोग झाला असता हे मला तरी सांगता येत नाही. झाकून बाळगणं म्हणजे निर्धोक, असंही कोणी समजू नये. स्टॅनफर्डचे जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात बाळगण्याचे कायदे सैल केलेल्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्के जास्त निघाले. त्यावर वाद आहे, पण चोरीला जाणारी पिस्तुलं हे त्यामागचं एक कारण असावं, हे पटण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे: हक्क वापरला नाही तर तो जातो. २०२२ च्या ब्रुएन निकालात सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर पिस्तूल बाळगणं हा घटनात्मक हक्क मानला, त्यावर वाद घालायचं इथे कारण नाही. हक्क आहे म्हणून तो प्रत्येक दुकानात मिरवला पाहिजे असं मात्र कोणताही निकाल म्हणत नाही. जिथे उघडं बाळगण्याला खरा अर्थ आहे अशा जागा आहेतच: मॉन्टाना-अलास्कातल्या अस्वलांच्या रानात पायी फिरताना जाकिटाखाली अडकलेलं पिस्तूल काय कामाचं? शेतावर, शिकारीत, रानवाटेवर ते उघडंच सोयीचं, आणि तिथे बघून घाबरायला गर्दी नसते. राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून त्या त्या राज्याचा बाळगण्याचा नियम चालतो. उद्यानातल्या सरकारी इमारतींत मात्र पिस्तूल न्यायचं नाही. इमिग्रेशनच्या मुलाखतीला जाल ती कचेरीही केंद्र सरकारचीच इमारत असते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

एवढं वाचूनही ज्यांना बाळगायचं आहे त्यांनी राज्याला लागत नसला तरी परवाना काढावा. शाळेच्या हद्दीचा प्रश्न सुटतो, दुसऱ्या राज्यांत तो कधी कधी मानला जातो, आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी वर्ग करावा लागतो, तो वर्ग आपल्याला हवाच असतो. होल्स्टर स्वस्तातलं, कापडी, मऊ नको. चापाभोवतीची जागा पूर्ण झाकणारं, पिस्तुलाच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेलं कडक होल्स्टर घ्या, आणि कमरेचा पट्टाही तसाच भक्कम. पोलिसाने गाडी थांबवली तर इंजिन बंद करा, आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा, आणि खिशाकडे किंवा कप्प्याकडे हात नेण्याआधी पिस्तूल कुठे आहे हे सांगून 'मी आता काय करू?' असं विचारा. जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात परवानाधारक फिलँडो कॅस्टिलने आपल्याकडे पिस्तूल आहे हे शांतपणे सांगितलं होतं; तरी काही सेकंदांत पोलिसाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या, आणि पुढे तो पोलीस निर्दोष सुटला. म्हणून सांगून थांबा, हुकूम येईपर्यंत हालू नका.

राहिला रेंजपर्यंतचा प्रवास. न्यू जर्सीत बाळगण्याचा परवाना नसलेल्याने रेंजवर जाताना पिस्तूल रिकामं, बंद पेटीत किंवा कुलूप लावलेल्या डिकीत न्यायचं, आणि वाटेत गरजेपुरतंच थांबायचं. इडली खायला वाकडी वाट करणं त्यात बसेलच असं नाही. राज्याची सीमा ओलांडायची असेल तर १९८६ च्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळतं, पण दोन्ही टोकांना ते शस्त्र बाळगणं कायदेशीर असेल, पिस्तूल रिकामं असेल आणि हाताशी नसेल तरच. कुठेही राहा, पाटी दिसली म्हणून पिस्तूल गाडीत ठेवून आत जायची सवय लावू नका, कारण चोर पार्किंगमध्ये नेमकं तेच शोधतात. जायलाच लागलं तर गाडीला साखळीने बांधलेली कुलपाची पेटी हवी. आणि रेंजची बॅग वेगळी ठेवा. हीच बॅग पुढे भारतात जाताना हातसामान म्हणून उचलली जाते, कुठल्याशा कप्प्यात एखादं काडतूस राहिलेलं असतं, आणि ते मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरण यंत्रात दिसतं. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याविना एक काडतूसही गुन्हा दाखल करायला पुरतं. नकळत राहून गेलं होतं हे पटल्यावर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्दही केले आहेत, पण तोवर सुट्टी पोलीस ठाणं आणि वकील यांच्यातच संपते. त्या बॅगेला विमान दाखवूच नका. तीच न्यावी लागली तर सगळे कप्पे उलटे करा आणि अस्तराच्या उसवलेल्या शिवणीतही बोट घालून पाहा, बावीस बोअरचं काडतूस तिथे सहज मावतं.